खुंट्यावरची वरची जागा

आमच्याकडच्या जुन्या तुरुंगाचं आता संग्रहालय झालं आहे. माझी आई तिथे सहा महिने होती. दिराचं डोकं फोडलं होतं तिने. तुरुंगाबद्दल ती कधी बोलली नाही आणि मीही विचारलं नाही. पण तिचे दिवस तिथे कसे गेले, ते मला जाणून घ्यायचं होतं, म्हणून मी ते बघायला गेले.

बायकांच्या बराकीत एक जातं मांडलं आहे. तिथला पहारेकरी सांगत होता, "इथे एकेका बाईला एकटीने पायलीभर दळावं लागायचं."

मी वाकून खुंटा पाहिला. लाकूड दोन जागी झिजून गुळगुळीत झालं होतं, एक खाली आणि एक वर.

"एकटीने नाही रे बाबा," मी म्हटलं. "दोघी समोरासमोर बसायच्या. एकीचा हात खाली, दुसरीचा वर."

"आजी, तुम्ही होता की काय इथे?" तो हसला.

"माझी आई होती."

मग तो हसायचा थांबला.

घरी आई एकटीच दळायची, पण खुंटा अगदी खाली धरायची. वरची जागा मोकळी. "वर धर की," मी म्हणायचे. "असू दे," ती म्हणायची. मला वाटायचं, खोड आहे.

वरचा हात कोणाचा होता? ती कशासाठी आत आली होती, सुटली का?

मी त्या वरच्या जागी हात ठेवून पाहिला. 'हात लावू नये' अशी पाटी समोरच होती. तेवढं मला वाचता येतं.