साहेबांच्या घरच्या पुऱ्या

भोपाळपासून तुटून आमचं नवं राज्य झालं आणि शंकर नगरच्या आमच्या ऑफिसात तिथूनच मोठे साहेब आले. ज्यांच्या कमरेत वर्षानुवर्षं उसण भरलेली होती, त्यांनाही एकाएकी वाकता येऊ लागलं. साहेबांच्या घरचं सामान उतरवायला आमचे हेडक्लार्क, म्हणजे बडे बाबू, स्वतः गेले आणि किल्ला जिंकल्यासारखे परतले.

मी तिथे टायपिस्ट होते. एका शुक्रवारी बडे बाबू माझ्या टेबलाशी आले. मूळचे भंडाऱ्याचे, म्हणून माझ्याशी मराठीत बोलायचे.

"ताई, रविवारी साहेबांकडे सत्यनारायण आहे. सगळ्या बायकांनी सकाळी आठले यायचं. पुऱ्या लाटाच्या आहेत."

"आणि माणसं काय करतील?"

"ते जेवायले येतील."

"मग मलेबी जेवायलेच बोलवा."

त्यांना थट्टा वाटली. रविवारी मी गेले नाही. गच्चीवर केस वाळवत बसले. रेल्वेत असलेला नवरा घाबरला. "काहून नाही गेली? साहेबाशी पंगा घेऊन राहिली काय?"

"मी सरकारची नोकरी करतो, त्याच्या चुलीची नाही," मी म्हटलं.

आतून पोरगी ओरडली, "मम्मी, सही किया!"

सोमवारी माझी मशीन उचलली गेली आणि मला जिन्याखालच्या डाकेच्या खोलीत बसवलं. इतकी वर्षं माझ्याबरोबर जेवणारी मैत्रीण दुसरीकडे जेवू लागली. त्याचं मला फार वाटलं नाही. भीती निदान खरी असते. चीड आली ती सहानुभूतीची. एकेक बाई येई, मागेपुढे बघे आणि कानात सांगे, "तू बरोबर केलंस." दिवाळीपर्यंत साऱ्या जणी सांगून गेल्या. शेवटचीला मी म्हटलं, "हेच हॉलमध्ये मोठ्यानं म्हण न." तिला तेवढ्यात अर्जंट फाइल आठवली.

बडे बाबूही आले. "साहेबांघरच्या वहिनींना सॉरी म्हणून टाका, ताई. जागा परत भेटते."

"सॉरी लेखी पाहिजे? टाइप कोण करंल? मशीन तर तुम्हीच नेली."

दीड वर्षानं साहेबांची बदली झाली. निरोपसमारंभात सगळे रडले, आणि दुसऱ्या दिवशी तेच सगळे म्हणाले, माणूस काही बरा नव्हता.

नवे साहेब आले, त्यांच्याकडेही पूजा निघाली. बडे बाबू हॉलमध्ये पुऱ्या लाटणाऱ्यांची यादी वाचत होते. मी डाक घेऊन दारात उभी होते. माझी जुनी मैत्रीण उठली. सगळ्यांसमोर म्हणाली, "मले जमणार नाही."

मग कोपऱ्यातली दुसरी म्हणाली, "मलेबी नाही."

बडे बाबूंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू रोगाची साथ मीच पसरवली होती.

पुऱ्या शेवटी हलवायाकडून आल्या. मला माझी जागा काही परत मिळाली नाही, आणि मी मागितलीही नाही. त्या जिन्याखालूनच रिटायर झाले. जाताना भाषण करायला सांगितलं, तर म्हटलं, "माझ्याबद्दल जे कानात बोललात, ते आज माइकवर बोला."

तेवढ्यात साऱ्यांना अर्जंट फाइली आठवल्या.