आमी

अर्जुनी मोरगावच्या बसस्टँडवर, चहाच्या टपरीजवळ, खासदारांचा एक कार्यकर्ता मला रोज भेटतो. दिल्ली त्यानं पाहिलेली नाही, पण संसदेतलं सगळं तो 'आमी' म्हणूनच सांगतो. "आमी मालगुजारी तलावायचं बिल मांडून राहिलो." "त्या बिलाले आमी नाही म्हनलो." मला हसू येतं आणि थोडा हेवाही वाटतो. इतकं आपलं मला कुणीच वाटलेलं नाही.

परवा सरकारला जंगलालगतच्या जमिनी घेऊ देणारं बिल लोकसभेत मंजूर झालं. याची धानाची बांधी जंगलाला लागूनच आहे. मी विचारलं, "भाऊ, या बिलाले तुमी काय म्हनले?"

त्यानं बशीत चहा ओतला, पण प्यायला नाही.

"ते हो म्हनले."