नामदेवनं तपासून घेतलेली माती

तार आली तेव्हा मी सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत मुलांचं प्रात्यक्षिक घेत होतो. शिपायानं ती हातात दिली आणि जरा लांब जाऊन उभा राहिला, त्यावरूनच समजलं. नामदेव साळुंखे गेला. हृदयविकाराचा झटका आला आणि तासाभरात सगळं संपलं. मी मुलांना बर्नर बंद करायला सांगितलं आणि तसाच स्टुलावर बसून राहिलो... पंचेचाळीसही पुरी झाली नव्हती त्याला.

कोरेगावच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. पुढे मी रसायनशास्त्र शिकवायला सांगलीत आलो आणि तो सातारा जिल्ह्यातल्याच एका छोट्या नगरपालिकेत ओव्हरसियर झाला. गटारं, रस्ते, नळ ही त्याची कामं. आज आठवण लिहायची ती मात्र त्या गावाच्या टोकाला असलेल्या एका पडीक जागेची.

तिथं पूर्वी सूत रंगवायचा कारखाना होता. मालक गाव सोडून गेला आणि जागा नगरपालिकेकडे आली. बहात्तरच्या दुष्काळात खेड्यांतली बरीच माणसं पोट भरायला गावात आली होती, कुठं पत्र्याखाली, कुठं देवळाच्या ओवरीत राहत होती. त्यांना तिथं घरं बांधून द्यायचं ठरलं. चिठ्ठ्या टाकून प्लॉटही ठरले. पण नामदेवला त्या जमिनीचा भरवसा वाटत नव्हता. कारखान्याच्या जुन्या रंगाच्या हौदांच्या बाजूला गवत उगवत नाही, हे त्यानं पाहून ठेवलं होतं. त्यानं सभेपुढं अर्ज ठेवला की बांधकामाआधी नगरपालिकेनं स्वतःच्या खर्चानं तिथली माती आणि पाणी तपासून घ्यावं. नगराध्यक्ष मोठ्यानं हसले म्हणे. “माती तपासायला पैसे? का, ताप आलाय व्हय मातीला?”

नामदेव चिडला नाही. तो म्हणाला, “आवं सायेब, इतकी वर्षं ती जागा कुणी घेतली न्हाई, का? खाली काय हाय ते कुणालाच ठावं न्हाई म्हणून. एकदा कळलं की चांगली तेवढी वापरता येईल, वाईट तेवढी सोडता येईल. न्हाई कळलं तर सगळीच भीतीपोटी पडून ऱ्हाईल, न्हाई तर सगळ्यावरच माणसं बसवू आपण.” तीन सभा त्यानं हाच मुद्दा लावून धरला, तेव्हा कुठं ठराव झाला.

मग पुरुषभर खोल खड्डे घेतले. प्रत्येक खड्ड्यातली माती लोणच्याच्या बरण्यांत भरून, वर नंबराच्या चिठ्ठ्या डकवून नामदेव एस.टी.नं सांगलीला आला. कंडक्टरनं विचारलं, “लय लोणचं न्हेताय, लगीन हाय का घरात?” हे सांगताना तो डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला होता. प्राचार्यांची परवानगी काढून आम्ही दोन रविवार प्रयोगशाळेत काढले. मातीचा अर्क काढायचा, त्यात औषध घालायचं. रंगकामातला विषारी क्षार असेल तर पाणी जांभळट होतं. बहुतेक बरण्या निर्मळ निघाल्या. नामदेव प्रत्येक वेळी नकाशावर बरोबरची खूण करायचा आणि शीळ घालायचा. मग हौदांच्या बाजूच्या बरण्या आल्या आणि पाणी जांभळं व्हायला लागलं. हौदांजवळच्या विहिरीचं पाणी बाटलीत आणलं होतं, त्याचंही तेच. नामदेवची शीळ थांबली.

“परत कर,” तो म्हणाला. मी परत केलं. “आनि एकदा.” तिसऱ्यांदाही तोच रंग... मग त्यानं नकाशावर बोट ठेवलं. विहिरीला लागून असलेला तो प्लॉट त्याच्या थोरल्या बहिणीचा, ताराक्काचा होता. तिचा नवरा फौजेत असताना वारला होता. दोन पोरांना घेऊन ती एका गोठ्याच्या आडोशाला राहत होती आणि त्या चिठ्ठीसाठी तिनं देवाला नवस बोलला होता.

मी काय बोललो ते सांगायला आजही लाज वाटते. मी म्हणालो, “नामू, आक्काच्या प्लॉटची बरणी एस.टी.त फुटली म्हणून लिहू या का?” तो रागावला नाही. म्हणाला, “गड्या, तिथं दुसऱ्या कुणाची पोरं ऱ्हाईली असती, तर तू ईचारलं असतंस का मला?”

नऊ प्लॉट रद्द झाले. विहीर बुजवली, तेवढ्या जागेला कुंपण घातलं. उरलेल्या जागेवर वर्षभरात घरं उभी राहिली, लोक राहायला गेले. प्लॉट गेलेल्या नऊ घरांनी मात्र नामदेवला शिव्याशाप दिले. ताराक्कानं शिव्या दिल्या नाहीत. तिनं बोलणंच टाकलं. त्या दिवाळीत भाऊबीजेला तो दारात गेला, तर आतून कडी लागली. पुढच्या दिवाळीतही तेच. त्या नऊ जणांना दुसरीकडे जागा मिळावी म्हणून तो कचेऱ्यांचे उंबरे झिजवत होता. हे तिला ठाऊक होतं, तरीही.

तिसऱ्या पावसाळ्यात ताराक्काची शेळी त्या कुंपणातून आत गेली. तिला हाकलायला आक्का आत शिरली आणि हौदाच्या खड्ड्यात साचलेलं पाणी तिनं पाहिलं. हळदीसारखं पिवळं. ती तशीच चिखलाच्या पायांनी नगरपालिकेत गेली आणि सगळ्या कारकुनांसमोर म्हणाली, “नामू, ह्येच पाजलं असतं रं मी पोरांस्नी.” नामदेव उठला, तिला खुर्ची दिली, चहा सांगितला. “मला म्हणाला, ‘आक्का, शेळी सापडली का?’” हे मला नंतर आक्कानंच सांगितलं.

पुढं तिलाही घर मिळालं, रस्त्यापलीकडच्या नव्या ओळीत. गेल्या आठवड्यात मी तिला भेटायला गेलो. तिचा थोरला मुलगा आता फौजेत आहे. आक्का आत गेली, पेल्यात पाणी घेऊन आली, पण लगेच दिलं नाही. दाराशी उभी राहून तिनं पेला उन्हाकडं धरला, एक डोळा बारीक केला, आरपार पाहिलं. नामदेवची सवय. कुणाच्याही घरी तो असंच करायचा आणि आम्ही त्याची थट्टा करायचो. मी बघतोय हे लक्षात आल्यावर आक्का ओशाळली.

“कवा लागली ही सवय, कळलंच न्हाई बगा,” ती म्हणाली आणि पेला माझ्या हातात दिला. “प्या. चांगलं हाय.”