वरचा गॅस, खालचा गॅस

आमच्या घरात दोन गॅस नांदतात, एक माझा आणि एक नवऱ्याचा. मी पनवेलच्या एका गॅस एजन्सीत काउंटरला बसते आणि दिवसातून वीसेक वेळा एकच पाठ म्हणते: वास आला तर बटणाला हात लावू नका, रेग्युलेटर बंद करा, दारं उघडा, गॅस खाली बसतो. नवरा विदर्भात, कोळशाच्या भुयारी खाणीत. त्याचा गॅस हलका, छताला जाऊन चिकटतो, आणि त्याला वास म्हणून नसतो. लग्नाला सहा वर्षं झाली तरी या दोन गॅसची कधी गाठ पडली नव्हती, कारण तो तिकडे आणि मी सुकापूरला सासूबाईंबरोबर.

त्याच्या घरचे सगळे उघड्यावर कामं केलेले. आधी मिठागरं, मग भातशेती, आता मोठे दीर शिरढोणच्या रस्त्याला सिमेंट-रेती विकतात. यानेच तेवढा मायनिंगचा डिप्लोमा केला. का, तर मित्राने फॉर्म दोन आणले होते. सासूबाई अजूनही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "आमच्या घरान सगली वर गेली, यो एकटाच खाली गेला."

नुसता डिप्लोमा आहे म्हणून खाणीत कोणी तुमच्या हवाली माणसं करत नाही. त्यासाठी सरदार व्हावं लागतं. खाणीच्या एका भागातल्या कामगारांचा जीव ज्याच्यावर, तो सरदार. तो छत ठोकून बघतो, हवा तपासतो, धोका दिसला तर काम थांबवून माणसं बाहेर काढतो. त्याचं सर्टिफिकेट परीक्षा देऊन मिळतं, आणि परीक्षेला बसायच्या आधीच इतके कागद मागतात की आमच्याकडचं नवीन कनेक्शन त्यापुढे पोरखेळ. जमिनीखाली काम केल्याचा दाखला, प्रथमोपचाराचं सर्टिफिकेट, डॉक्टरची तपासणी, शिवाय गॅस ओळखण्याची वेगळी परीक्षा. त्यात दिव्याची ज्योत बारीक करायची आणि तिच्यावर चढलेली निळी टोपी बघून गॅस किती ते सांगायचं. एवढं सगळं त्याने केलं, लेखीसुद्धा सुटला, आणि तोंडीत दोनदा आपटला. समोर साहेब दिसला की प्रश्न पुरा व्हायच्या आत याचं उत्तर बाहेर. कंपनीने कळवून टाकलं होतं, या खेपेला सर्टिफिकेट नाही तर नोकरीही नाही.

आता खरं ते सांगते. दिरांनी दुकानात एक फिरती खुर्ची आणून ठेवली होती, धाकट्या भावासाठी. तिचं प्लास्टिकसुद्धा काढलं नव्हतं. मी कधी दुकानात गेले की त्या खुर्चीकडे बघायचे आणि मनात म्हणायचे, होऊ दे नापास. तोंडाने म्हणायचे, या वेळी नक्की काढशील.

परीक्षेआधी तो पंधरा दिवस रजेवर आला. सकाळी पॅसेजमध्ये खुर्ची टाकून नियमांचं पुस्तक वाचायचा, आणि संध्याकाळी मी भाजी निवडता निवडता त्याची तोंडी घ्यायचे. प्रश्न एका वहीत लिहून काढले होते. उत्तर बरोबर आलं की पुढे पेन्सिलने खूण. पहिलाच प्रश्न होता, पाळी सुरू होण्याआधी आत पहिला कोण जातो? उत्तर, सरदार. तो सगळं तपासून खुणेचा खडू मारतो आणि मगच माणसं आत सोडतो. हा प्रश्न सोपा, म्हणून मी रोज त्यानेच सुरुवात करायचे, गाडी गरम व्हावी म्हणून. छत कसं तपासशील, असं विचारलं तर हा उठून काठीने आमचं छत ठोकून दाखवायचा. पोकळ वाजलं की तो खूश. वरच्या मजल्यावरच्या बाई दोनदा खाली येऊन गेल्या.

रजेच्या दुसऱ्या आठवड्यात ते झालं. मी दूध आणायला गेले होते. परत येते तर बिल्डिंगच्या गेटपाशी आमचा अख्खा मजला उभा. सासूबाईंच्या हातात देवघरातला बाळकृष्ण. समोरच्या फ्लॅटमधले चाचा, जन्मभर गल्फमध्ये नोकरी करून आलेले, टॉवेलवर. अंगाला साबण तसाच. सगळे एकदमच बोलायला लागले. आमच्याकडे नवीन सिलिंडर लावल्यावर वास सुटला, आणि माझ्या नवऱ्याने रेग्युलेटर बंद करून सगळा मजला रिकामा केला. जिन्याने उतरा, लिफ्टचं बटण नको, बेल नको. मग गेटपाशी माणसं मोजली, तर आठ. रोज पॅसेजमध्ये बसल्यामुळे कोण कामावर गेलं, कोण घरी आहे, हे त्याला तोंडपाठ. म्हणाला, नऊ पाहिजेत. पुन्हा वर जाऊन चाचांच्या दारावर इतक्या लाथा घातल्या, की ते बाथरूममधून तसेच बाहेर आले.

"तुमच्या मियाँनी इज्जत काढली," चाचा मला म्हणाले, "बाकी आदमी नेक आहे."

मी जिना चढून वर गेले. बघते तर स्वयंपाकघरात हा स्टुलावर चढलेला, नाक छताला, आणि छतालगतच्या झरोक्याची झडप सताड उघडी. बाल्कनीचं दार मात्र बंद. तेवढ्यात खिडकीतून खाली ओरडला, "वर कायच नाय. या सगले, चहा टाका."

आणि माझ्या चपलांपाशी वास भपकन आला. सासूबाईंसमोर मी त्याला अहो-जाहो करते, पण त्या दिवशी सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल असं म्हटलं, "अरे, खाली बघ. गॅस खाली आहे." बाल्कनीचं दार उघडलं, सुपाने वारा घालून गॅस बाहेर काढला, आणि नंतर सिलिंडरचं वायसर पाहिलं तर फाटलेलं. त्या तिरीमिरीत मी त्याला काय काय बोलले. गॅस खाली बसतो हे पनवेलमधल्या शेंबड्या पोराला कळतं, आणि हा म्हणे सरदार होणार. पुढचे दोन दिवस जेवताना, झोपताना तेच. एजन्सीतही स्टुलाची गोष्ट रंगवून सांगितली. तो नुसता मान हलवायचा.

तोंडी परीक्षेच्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला. मी एका आजोबांना गॅस कुठे बसतो ते सांगत होते. त्यांना थांबवलं. तो म्हणाला, साहेबांनी पहिलंच विचारलं, खाणीतला गॅस कुठे शोधशील, आणि माझ्या तोंडून निघालं, खाली. एका साहेबांनी लगेच पेन उचललं.

ते ऐकून मला पहिल्यांदा आनंद झाला. अगदी खरं सांगते, आनंद झाला. डोळ्यांसमोर ती प्लास्टिकमधली खुर्ची आली. मग लाज वाटली, कारण ते 'खाली' त्याच्या डोक्यात मीच ठोकून बसवलं होतं.

पण फोन संपला नव्हता. साहेबांनी विचारलं, खाली कसं काय? तर याने या खेपेला घाई केली नाही. स्वयंपाकघर, स्टूल, झडप, माझ्या शिव्या, सगळं जसंच्या तसं सांगितलं. म्हणाला, चूक झाली साहेब, खाणीत वरच बघायचं, घरात खाली. साहेब हसले. मग मधल्या साहेबांनी विचारलं, माणसं मोजली होतीस?

"मोजली. आठ भरली. पाहिजे होती नऊ."

"मग?"

"नववा आणायला गेलो."

"त्या नऊ जणांत तू होतास का?"

याने बोटांवर पुन्हा मोजलं. "नाही, साहेब. मी स्वतःला धरलं नव्हतं." साहेबांनी काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, जा, पुढच्याला पाठव.

तो पास झाला. सासूबाईंनी मजल्यावर पेढे वाटले, चाचांच्या घरी दोन जास्त. दिरांच्या खुर्चीवर आता त्यांचा मुनीम बसतो. सर्टिफिकेटची झेरॉक्स घरी आली, तेव्हा ती ठेवायला मी ती प्रश्नांची वही काढली. पहिलं पान उघडलं. पाळी सुरू होण्याआधी आत पहिला कोण जातो? पुढे ओळीने खुणा, माझ्याच हातच्या. सगळ्या बरोबर. मी इतक्या वेळा विचारलं, आणि एकदाही माझ्या मनात आलं नाही की ज्याच्याबद्दल विचारतेय तो समोर बसून मटार सोलतोय. खूप रडले त्या दिवशी. सासूबाई म्हणाल्या, पास झाला म्हनून रडतेस का, आणि मी हो म्हटलं.

फोन खाणीत खाली नेता येत नाही. हाही नियम मीच पाठ करून घेतला होता. म्हणून सकाळची पाळी संपून तो वर येईपर्यंत मी काउंटरला लोकांना गॅस खाली बसतो म्हणून सांगत राहते आणि घड्याळ बघत राहते. त्याचा फोन आला की मी एवढंच विचारते, किती गेले, किती आले. तो आकडा सांगतो. मग मी विचारते, "त्यात तू धरलायस?"

रोज तो पुन्हा मोजतो.