किल्ल्यांची जिजी

एकदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावी गेलो आणि सकाळभर दुसऱ्याचंच घर झाडून काढलं. सुरतेहून निघताना जिजीच्या दारामागच्या खिळ्यावरची किल्ली मीच घाईत उचलली होती. ती आमच्या कुलपाला लागेना. शेजारच्या कुलपाला मात्र पटकन लागली. तेव्हा हेच आपलं, असं मी ठरवून टाकलं. सुरतेच्या कमाईवर गावात उठलेली सगळी घरं सारखीच: गुलाबी रंग, स्टीलचं रेलिंग, दारात ग्रॅनाइटची पायरी. फरशी पुसून कंबर धरून उभा राहिलो, तेव्हा लक्षात आलं, भिंतीवर हार घातलेले आजोबा आमचे नाहीत!

जिजीला फोन केला. ती पोट धरून हसली असणार. "पुसाई गयं ते गयं, भाऊ. आते तुन्हं बी पुसी ले!"

जिजी आमच्या गावची, राहायची सुरतेत बमरोलीला, मुलाकडे. नवरा कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये होता. तो गेल्यावर तिने गावातल्या बंद घरांची राखण अंगावर घेतली. तिच्या दारामागे खिळेच खिळे आणि प्रत्येकावर कोणाच्या तरी घराची किल्ली. गावी जाणारा आधी जिजीकडे. स्वतःच्या किल्लीबरोबर शेजाऱ्यांच्याही दोनचार गळ्यात पडायच्या. "खिडक्या उघडी दे. बंद घर लवकर म्हातारं व्हस." कोणी मिळालं नाही तर ती स्वतःच गाडीत बसायची. नुसतं उघडून भागायचं नाही. प्रत्येक घरात स्टो पेटवून चहा करायचा आणि तिथेच बसून प्यायचा, हा तिचा नेम. परतायची ती पित्त घेऊनच.

"पहिले एक खोलीमा पाय पसराले जागा नव्हती," ती म्हणायची. "आते खोल्याच खोल्या शेतस. पाय कोठे शेतस?" पाय सुरतेच्या पांडेसऱ्यात होते, कापड रंगवत. मुलीचे वडील मुलाला विचारत, सुरतेला रूम आहे का? आणि लगेच, गावी पक्कं घर आहे का? दोन्ही हवं, राहायचं मात्र सुरतेलाच. मुलं कमी होऊन गावच्या शाळेत दोन वर्ग एका खोलीत बसू लागले, तेव्हा जिजी दिवसभर भेटेल त्याला तेच सांगत होती.

मग मुलाने सुरतेतच पर्वत पाटिया भागात फ्लॅट बघितला. जिजीचं गावचं घर विकलं तर त्यात तिच्यासाठी वेगळी खोली होणार होती. आमच्याच गावचा, सुरतेत कापडाच्या धंद्यात वर आलेला एक शेठ चांगला भाव द्यायला तयार झाला. बोलणी चालली तेव्हा मीही चहाला होतो.

जिजीने विचारलं, "राहशीन का तठे?"

"राहायचं कशाला, जिजी? कुलूप लावून ठेवीन. किल्ली तुमच्याकडेच की!"

"मंग नही," जिजी म्हणाली आणि कपबशा उचलायला लागली.

घर तिने गावच्या शाळेतल्या एका तरुण मास्तरांना विकलं. ते बायकोमुलांना तालुक्याला ठेवून रोज ये-जा करायचे. अर्थात, भाव कमी आला. मुलगा चिडला, "माय, तुन्हीच खोली गयी!"

"गयी ते गयी. तठे सकायले एखादा पोऱ्या रडीन, वरणले फोडनी बसीन. आनखी काय पाहिजे?"

नव्या फ्लॅटमध्ये जिजीची गादी हॉलमध्ये, टीव्हीखाली पडली. सगळे झोपल्याशिवाय तिला आडवं होता येत नसे. तक्रार मात्र कधी ऐकली नाही. गेल्या थंडीत ती तिथेच गेली. मुलाने घरोघरी फिरून ज्याची त्याला किल्ली परत केली.

यंदा मी आणि बायको गावी गेलो. जिजीच्या दारात चपलांचा पसारा होता, दोरीवर फ्रॉक वाळत होते, आणि आतून मास्तरीणबाई कोणाला तरी आंघोळीसाठी तिसऱ्यांदा हाक मारत होत्या. बायको जरा वेळ तिथेच रेंगाळली. मग आम्ही आमचं घर उघडलं. कोंदट वास आला. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हटलं, "रिटायर झालो की इथेच येऊन राहू."

खिडकीची कडी अडकली होती. ती ओढता ओढता बायको म्हणाली, "तुम्ही येणार नाही, मीही येणार नाही. इथे राहायला दुसरा एखादा मास्तर बघा. भाडं मागू नका. आपण आलो की दोन दिवस पाहुणे म्हणून ठेवून घ्या, एवढं मात्र त्यांना सांगून ठेवा."