मामाची मोरवाली प्रत

मुलीचं लग्न ठरलं त्या संध्याकाळी मी कामांची यादी केली. हॉल, आचारी, मांडव, आहेर, वऱ्हाडाच्या गाड्या, आणि सगळ्यांत वर वेबसाइट. नवऱ्याने यादी वाचली आणि चष्मा काढून हातात घेतला.

"वेबसाइट हॉलच्या आधी?"

"ती माझ्या हातातली आहे. हातातलं आधी."

"आणि माणसं बसणार कुठे? वेबसाइटवर?"

नवरा धुळ्याचा. तिकडच्या माणसांना शेवटचा शब्द आपला हवा असतो. मी हॉल त्याच्या नावावर लिहिला आणि विषय संपवला.

मी जळगावात घरी बसून वेबसाइट बनवते. दवाखाने, शाळा, केळीचे व्यापारी, जे येतील त्यांच्या. बनवते म्हणायचं एवढंच. यातला पुष्कळसा भाग दूरदूरच्या अनोळखी लोकांनी आधीच लिहून ठेवलेला असतो. तो त्यांनी उघड्यावर मांडलेला असतो. कोणीही घ्या, वापरा, बदला, पुढे द्या. याला ओपन सोर्स म्हणतात. मी घेते, जुळवते, आणि माझं जे नवीन असेल ते तसंच उघड्यावर ठेवते. ही माझी सवय आहे आणि मला तिचा अभिमानही आहे. पुढचं सगळं या सवयीमुळे झालं.

धरणगावला माझा मोठा भाऊ राहतो. कपाशीची शेती, एक ट्रॅक्टर, आणि गावातल्या प्रत्येक गोष्टीवर मत. एका हिवाळ्यात त्याच्या शेतात भरीत पार्टी होती. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजणं चाललं होतं आणि भाऊने मला विचारलं, की तू दिवसभर नेमकं करतेस काय. मी त्याला समोरचं उदाहरण दिलं.

"भाऊ, भरताची कृती कोणाच्या मालकीची आहे का? कोणीही घ्यायची. आपल्या परीने मिरच्या वाढवायच्या. चांगलं झालं तर दुसऱ्याला सांगायचं. आमचं तसंच आहे."

"आणि कोणी तुझी कृती घेऊन त्यात साखर घातली तर?"

"घालू दे. त्याचं त्याने खावं."

"तुला राग नाही येणार?"

"अजिबात नाही."

भाऊने हे नीट लक्षात ठेवलं. तो सहसा काही विसरत नाही. सोयीचं तर कधीच नाही.

तर वेबसाइट. लग्नसमारंभांसाठी एक खुला प्रोग्राम मला मिळाला. परदेशातल्या कुठल्याशा थंड गावातला एक माणूस तो सांभाळतो. तारीख, वेळ, हॉलचा नकाशा, आणि 'आम्ही येणार, इतके जण' असं कळवायला एक बटण. बटण दाबलं की आकडा थेट माझ्या तक्त्यात येणार आणि तक्ता मी आचाऱ्याला देणार. इतकं नेटकं काम मी लग्नघरात आजवर पाहिलेलं नव्हतं.

अडचण एका जागी होती, निमंत्रकांची नावं. छापील पत्रिकेत कोणाचं नाव कोणाच्या वर, यावरून आमच्याकडे माणसं वर्षानुवर्षं एकमेकांच्या दारात गेलेली नाहीत. मी ठरवलं, हा वाद मुळातच नको. सगळी नावं अकारविल्हे लावायची. यंत्र लावेल. यंत्राला काका नाही, आत्या नाही. कोण रागावणार?

मी लिंक सगळ्यांना पाठवली आणि यादीतल्या पहिल्या कामावर रेघ मारली.

यंत्राने चोख काम केलं होतं. सगळ्यांत वर 'अ'चं नाव आलं. ते नवऱ्याच्या पुतण्याच्या मुलाचं, वय तीन. सगळ्यांत खाली 'ह'चं नाव आलं. ते भाऊचं, म्हणजे नवरीच्या सख्ख्या मामाचं.

दुपारी फोन आला. भाऊ एरवी माझ्याशी शहरासारखं बोलतो. रागावला की पूर्ण अहिराणीत जातो, आणि तो सुरुवातीपासूनच अहिराणीत होता.

"बठ्ठासना खाले मन्हं नाव शे!"

"भाऊ, खाली म्हणजे कमी असं नाही. ते अक्षरांप्रमाणे आहे."

"तो पोरगा चड्डी उलटी घालस! तो वर, आन मी खाले?"

"त्याचं नाव अ वरून आहे."

"मी येवाव नही. तुन्हा कम्प्युटरले सांग. तोच लई येई भाचीले मांडवमा."

फोन बंद.

कम्प्युटरच घेऊन येईल भाचीला मांडवात, हे शेवटचं वाक्य साधं नव्हतं. आमच्याकडे मुलीला मांडवात मामा घेऊन येतो. अंतरपाट धरला जाईल, भटजी गळा साफ करतील, नवरदेव हार घेऊन ताटकळेल, पण मामा नाही तर मुलगी जागची हलणार नाही. नवऱ्याने पाचोऱ्याचा चुलतमामा सुचवला. मुलीने ऐकलं आणि आतल्या खोलीतून निकाल दिला.

"माझा मामा नसेल तर मी खोलीतच बसते. जेवण आत पाठवा."

मी नवीन यादी केली. तिच्यात एकच काम होतं: भाऊ.

आधी सोपा उपाय केला. भाऊचं नाव वर घ्यायला गेले, तर प्रोग्राम ऐकेना. त्यात नावं फक्त अक्षरांप्रमाणे लागत होती. मी त्या थंड गावातल्या माणसाला लेखी विचारलं, की नावं मानाप्रमाणे लावायची सोय आहे का. त्याचं उत्तर सभ्य होतं. मान म्हणजे काय, आणि तो कशावरून काढतात, वयावरून की नात्यावरून? नियम सांगितलात तर सोय करता येईल.

मी नियम लिहायला बसले. वय जास्त तो वर. पण जावई लहान असला तरी वर. पण जावयापेक्षा व्याही वर. पण मामा वेगळाच. पण गेल्या लग्नात ज्याचं नाव राहिलं होतं, तो या वेळी वर. कागद भरला आणि मी तो फाडला.

तेवढ्यात पाचोऱ्याहून चुलतवहिनींचा फोन आला.

"ताई, नवी पत्रिका पाहिली हो. सनई फार गोड आहे."

"कुठली सनई?"

"तीच, उघडली की वाजते ती. मी बँकेत उघडली. सगळी बँक उभी राहिली. आणि मोर तर काय सुंदर!"

मी वहिनींकडून लिंक मागवली आणि उघडली. सनई सुरू झाली, स्पीकर पूर्ण आवाजात. दोन्ही बाजूंनी मोर आले आणि त्यांनी पिसारे फुलवले. मधोमध ट्रॅक्टरवर बसलेला भाऊ, गॉगल लावून. खाली ठसठशीत अक्षरांत 'नवरीचे सख्खे मामा' आणि त्याचं नाव. मग बाकीची मंडळी. मग बरंच खाली, कोणाला उत्सुकता असलीच तर, नवरी आणि नवरदेव.

बाकी सगळं माझंच होतं. माझे रंग, माझा नकाशा, माझी घाईत झालेली एक चूकसुद्धा जशीच्या तशी. धरणगावच्या बॅनरवाल्याने भाऊला ते उचलून दिलं होतं. आणि तो माणूस इतका प्रामाणिक, की तळाशी मी बारीक अक्षरांत घातलेली ओळही त्याने ठेवली होती: 'या वेबसाइटचा कोड खुला आहे. कोणीही घ्यावा, बदलावा, पुढे द्यावा.'

आमच्या धंद्यात याला फोर्क म्हणतात. कोणाचं काम पटलं नाही की ते उचलायचं आणि आपल्या वाटेने न्यायचं. हे मोठं स्वातंत्र्य आहे, असं मी अनेकांना सांगत आले होते. सख्खा भाऊ ते सनईसकट घेऊन निघून जातो, तेव्हा ते वेगळं दिसतं.

खरा घोटाळा पुढेच होता. माझं 'आम्ही येणार'चं बटण भाऊने काढलं होतं. त्या जागी लिहिलं होतं: 'येणार असाल तर मामाला फोन करा.' आणि खाली त्याचा मोबाईल नंबर. लोकांना हेच पटलं. बटण दाबण्यापेक्षा बोलणं बरं. माझ्या तक्त्यात येणारे आकडे थांबले. आचारी रोज विचारत होता, किती पानं धरू. ते फक्त एकाच माणसाला ठाऊक होतं आणि तो माणूस लग्नाला येणार नव्हता.

मी लॅपटॉप पिशवीत घातला आणि धरणगावची एसटी पकडली.

भाऊ ओट्यावर बसून फोनवर बोलत होता. "हां, या ना! लहान पोरं आणा, जेवायला त्यांना काय लागतं? नाही, मी स्वतः नाही येणार. पण तुम्ही या." फोन ठेवून त्याने माझ्याकडे पाहिलं. "बठ्ठा येई राहिनात," तो जरा अभिमानाने म्हणाला.

"तू सोडून."

"मी सोडून."

भाऊची बायको, माझ्या वहिनी, चहा घेऊन आल्या. मी लॅपटॉप उघडला.

"भाऊ, तुझी प्रत आणि माझी प्रत, दोन्ही एक करायच्या. जिथे सारखं आहे तिथे प्रश्न नाही. जिथे वेगळं आहे तिथे एकेक ठिकाणी दोघांनी ठरवायचं, कोणाचं ठेवायचं. आमच्यात याला मर्ज म्हणतात."

"तुमच्यात? आमच्यात याला वाटणी म्हणतात."

"वाटणीत तोडतात. हे उलट आहे."

"मग जमेल," वहिनी म्हणाल्या. "वाटणीला यांचा विरोधच असतो."

आम्ही वरून सुरुवात केली. मोर राहिले, पण बसलेले. उडी मारून येणारे मोर काढले. ट्रॅक्टरचा फोटो राहिला; गॉगलवर चर्चा झाली आणि गॉगलही राहिला. नवरदेव-नवरी वर आले. भाऊ म्हणाला, तेवढं तर पाहिजेच, मी काय अडाणी आहे का. सनई आपोआप वाजणार नाही, बटण दाबलं तरच वाजेल, असं मी म्हटलं तेव्हा मात्र तो अडून बसला.

"सनई दाबून वाजवतात का कधी?"

"बँकेत दाबूनच वाजवायची."

"ठीक. पण माझी प्रत मी बंद नाही करणार. ती राहू दे तिकडे. साखर घातलेली. माझी मी खातो."

भरीत पार्टीतली गोष्ट त्याने अशी परत केली. मी पुढची जागा उघडली. नावं.

"यात नियम सांग, भाऊ. मोठा जावई आधी की मामा?"

"मामा."

"का?"

"मी सांगी राहिनू म्हणीसन."

अहिराणी परत आली होती, पण या वेळी तो हसत होता. मला तिथेच उलगडलं. नियम नसतोच. मी प्रत्येक नावापुढे एक रिकामी चौकट ठेवली. चौकटीत आकडा घालायचा, आणि आकडा माणसाने ठरवायचा. पहिला आकडा भाऊने स्वतःच्या नावापुढे, स्वतःच्या हाताने टाकला. दुसऱ्या आकड्याला त्याने तीन वर्षांचा 'अ' धरला.

"अरे, तो कशाला?"

"राहू दे आता. वर बसायची सवय झाली असेल त्याला. बाकी लोक लहान पोरावर रागावत नाहीत. मी रागावलो, कारण मी सर्वांत खाली होतो."

"म्हणजे तू येणार."

"पानांचे आकडे कोणाकडे आहेत? माझ्याकडे. मग आचाऱ्यापाशी कोण उभं राहणार? तुझा कम्प्युटर?"

ती चौकटीची सोय मी त्या थंड गावातल्या माणसाला पाठवली. त्याने विचारलं, आकडा कशावरून काढायचा. मी लिहिलं, काढायचा नाही, फोन करून विचारायचा. त्याने सोय मूळ प्रोग्राममध्ये घेतली आणि खाली लिहिलं, की त्याच्याही बायकोचा एक भाऊ आहे.

लग्नाच्या दिवशी सकाळी भाऊ सगळ्यांच्या आधी हॉलवर आला. फेटा, नवं धोतर, कानाला फोन. मुहूर्त जवळ आला, अंतरपाट धरला गेला, भटजींनी मुलीला बोलावलं. भाऊने भाचीचा हात धरला आणि दारात थांबला. सनई वाजत नव्हती. सनईवाला चहाला गेला होता आणि माझ्या यादीत त्याच्या चहाची वेळ नव्हती.

"थांब," भाऊ भाचीला म्हणाला. त्याने खिशातून फोन काढला, स्वतःची प्रत उघडली आणि हात उंच धरला. मोर आले, सनई लागली, पूर्ण आवाजात. सगळा हॉल वळून पाहू लागला. मुलगी हसू आवरत मामाबरोबर निघाली.

मांडवाच्या अर्ध्यात सनई एकदम थांबली. फोन आला होता. भाऊने एका हाताने भाचीला सांभाळलं आणि दुसऱ्या हाताने फोन कानाला लावला.

"हां, बोला. चौघं? या ना! पण लवकर. मी नवरीले लई येई राहिनू."