सास्तूरच्या लिंबाचा कोळसा

ज्या झाडाचं चित्र, त्याच झाडाच्या काटक्या जाळून केलेल्या कोळशानं ते काढायचं, हे माझं जुनं खूळ. कागदही छोटा चालत नाही, चांगला दहा-बारा फुटी लागतो. सास्तूरच्या जुन्या गावठाणात त्र्याण्णवच्या भूकंपातून वाचलेला एक कडुलिंब आहे असं एका मैत्रिणीकडून कळलं आणि मी निघाले. प्रदर्शन तोंडावर होतं आणि मधली भिंत अजून रिकामी होती.

पुण्याहून सोलापूर, तिथून उमरग्याची एसटी. बायकांना अर्धं तिकीट. पुढची गाडी कधी येते ते स्टँडवर कुणालाच ठाऊक नसतं, तेव्हा पाणी आणि धीर जवळ ठेवा. माझी कागदाची लांबलचक नळी बघून कंडक्टर म्हणाला, "बाई, हिचं बी तिकीट काढावं लागतंय बघा."

गावात मला लॉज काही दिसलं नाही. मैत्रिणीच्या ओळखीनं सुनीतावहिनींकडं उतरले. घरात त्या, त्यांचे यजमान आणि सासरे तात्या. तात्या दिवसभर ओट्यावर बसून असत, बोलणं बेताचंच. जेवायला ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. मी तीन भाकरी खाल्ल्या, लाजले नाही.

जुनं गावठाण बाभळींनी भरलंय. मधूनमधून घरांची जोती उरलीत, आणि एका जोत्याला लागून हा लिंब. डाव्या अंगाच्या जाड फांद्या कधीतरी तोडलेल्या. आभाळ भरलेलं, माणूस नाही. बघून जीव दडपला, खोटं कशाला सांगू.

खाली पडलेल्या काटक्या घेऊन मी परतले. वहिनी शेतात होत्या. काटक्या पत्र्याच्या डब्यात गच्च भरल्या, झाकणाला भोक पाडलं आणि डबा त्यांच्या चुलीत ठेवला. भोकातून धूर यायचा थांबला की कोळसा तयार.

धूर थांबला तेवढ्यात वहिनी आल्या आणि चुलीपाशी उरलेल्या काटक्या बघून दारातच थांबल्या.

"ताई, कुठल्या झाडाच्या काड्या ह्या?"

मी सांगितलं.

"त्या लिंबाचं लाकूड आमी चुलीत घालत न्हाय. भूकंपात सरणाला लाकूड पुरंना, म्हणून त्याच्या फांद्या तोडल्या. सासूबाई त्याच सरणावर गेल्या."

त्यांनी डबा बाहेर काढून ठेवला, चूल विझवली, राख काढली, पुन्हा सारवली. ओट्यावर तात्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या दिवशी ते जेवले नाहीत. आधी विचारायला काय झालं होतं मला?

तरी दुसऱ्या दिवशी मी काढायला गेलेच. हाव, दुसरं काय. जोत्यावर ताडपत्री, तिच्यावर कागद. दुपारपर्यंत खोड आणि उजवी बाजू झाली. तेवढ्यात तात्या काठी टेकत आले आणि जोत्याच्या कडेला बसले.

"त्याच लिंबाचा कोळसा व्हय हा?"

"हो तात्या. चुकलं माझं."

त्यांनी काठी बाजूला ठेवली.

"एका सरणावर लई माणसं व्हती. कुणाची राख कंची, काय कळंना. लोकांनी मूठ मूठ उचलून नेली. म्या न्हाय नेली. दुसऱ्याचंच माणूस नदीत सोडलं असतं तर?" मग म्हणाले, "हे झाड तिच्यासंगं जळालंय. उरलेला कोळसा मला देता का?"

थोडा ठेवू का, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. कसंबसं गिळलं आणि डबा त्यांच्या हातात दिला. कोळसा नदीत सोडायला मुलानं त्यांना मोटरसायकलवर तेरणेला नेलं. मी गेले नाही, ते माझं काम नव्हतं. परत आल्यावर तात्यांनी आंघोळ केली आणि सुनेकडं भाकरी मागितली.

घरी येऊन महिना झाला. दुकानात कोळशाच्या कांड्या मिळतात, त्यांनी पुरं कर, असं सगळे सांगतात. प्रदर्शनात मधल्या भिंतीवर अर्धंच झाड लावलं, डावीकडं नुसता कागद. लोक आले, थोडं थांबले, पुढं गेले. मलाही ते बघवत नाही.

काल वहिनींचा फोन आला. "तात्या इचारतायत, झाड पुरं झालं का?"

डावीकडचं तात्यांनी नदीत सोडलं होतं. मी म्हणाले, झालं.